हृदयाचा कप्पा वाढला म्हणून झडप मोठी, की झडपेमुळे कप्पा?

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, शुक्रवारी डॉक्टरांची वेळ मिळाली आहे, तेव्हा 'डॉक्टरकडे जा' हा सल्ला गृहीत धरा. तोवर डोक्यात जो गुंता झालाय तो इथे टाकतो.

आई ७१ वर्षांची, वाईला असते. दिवाळीपासून जिना चढली की धाप लागते, मधल्या पायरीवर कठडा धरून उभी राहते. आधी आम्ही ते वजनावर ढकललं, मग गुडघ्यांवर, मग वयावर. शेवटी गेल्या आठवड्यात टूडी इको केला. त्यात दोन गोष्टी आल्या. एक, हृदयाचा कप्पा मोठा झालाय. दोन, मिट्रल झडपेचं कडं ३९ मिलिमीटर, म्हणजे वाढलेलं, आणि गळती मध्यम.

शेजारचे काका म्हणतात, झडप सैल पडली, रक्त मागे येऊ लागलं, म्हणून कप्पा फुगला. मावसभाऊ औषध कंपनीत आहे, तो म्हणतो साफ उलटं, कप्पा फुगला म्हणून झडप ताणली गेली. दोघंही छातीठोकपणे सांगतात. नक्की कोणामुळे कोण? आणि झडप 'मोठी' होते म्हणजे पाकळ्या वाढतात की नुसतं कडं?

झणझणीत | रात्री ९.५२

छातीठोकपणे! तेही या धाग्यावर! आईंना लवकर आराम पडो.

रंधा | रात्री १०.१५

आमचा धंदा दारं-खिडक्यांचा, त्यामुळे मला हे असं दिसतं. चौकट फाकली, फळ्या तेवढ्याच राहिल्या, मधे फट पडली. फळीत दोष नाही, भिंतीत आहे. गिऱ्हाईक मात्र दरवेळी दारालाच शिव्या घालतं. मावसभाऊ बरोबर.

ठोकेमोज | रात्री १०.५८

रंधा, चौकटीपर्यंत उपमा छान आहे, पण तुमच्या दाराला दोऱ्या नसतात. (मी फिजिशियन, आता निवृत्त. तपासल्याशिवाय कोणाचं निदान करत नाही, रचना सांगतो.)

मिट्रल झडप डावीकडच्या वरच्या आणि खालच्या कप्प्याच्या मधे. दोन पाकळ्या. त्या एका कड्याला लटकलेल्या आणि त्यांच्या कडांपासून बारीक बारीक दोऱ्या खाली उतरतात, त्या खालच्या कप्प्याच्या भिंतीतून उगवलेल्या दोन स्नायूंच्या खुंटांना बांधलेल्या. म्हणजे दार नव्हे, मांडव समजा. झडप नीट मिटायची तर कडं, पाकळ्या, दोऱ्या, खुंट आणि खुंट ज्या जमिनीत रोवलेत ती जमीन, हे सगळं जागेवर पाहिजे.

खालचा कप्पा फुगला की खुंट बाहेर आणि खाली सरकतात. दोऱ्या ताणतात, पाकळ्या खाली ओढल्या जातात आणि मधोमध भेटायच्या ऐवजी अधांतरी राहतात. पाकळी निरोगी, तरी गळती. हृदयविकाराच्या झटक्यानंतर किंवा स्नायू दुबळा झाल्यावर होते ती ही.

उलटही होतं. एखादी दोरी तुटली किंवा पाकळी पोचट होऊन मागे उलटायला लागली, तर दोष मुळात झडपेचा. मग प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त वर जातं आणि पुढच्या ठोक्याला तेच परत खाली येतं. खालच्या कप्प्याला तेच रक्त दोनदा उपसावं लागतं, वरच्यालाही ते सामावावं लागतं. वर्षं गेली की दोन्ही कप्पे फुगतात, फुगले की कडं रुंदावतं, कडं रुंदावलं की गळती आणखी. गळतीच गळतीला जन्म देते. म्हणून काका आणि मावसभाऊ दोघंही बरोबर असू शकतात, फक्त वेगवेगळ्या पेशंटच्या बाबतीत.

काजबटण | रात्री ११.२०

डॉक्टर, एक शंका. मी शिवणकाम करते. ब्लाऊज शिवताना आम्ही आत माया सोडतो, पुढे अंग भरलं की उसवून वाढवता येतो. पाकळ्यांना अशी काही माया असते का, की मापात बेतलेल्या असतात?

ठोकेमोज | रात्री ११.३४

काजबटण, वा! पंचवीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवलं, हा शब्द सुचला नाही. असते. दोन्ही पाकळ्यांचं मिळून क्षेत्रफळ कड्याच्या तोंडापेक्षा साधारण दीड ते दोन पट असतं. मिटताना त्या नुसत्या काठाला काठ लावत नाहीत, नमस्कारातल्या तळव्यांसारख्या काही मिलिमीटर एकमेकींना चिकटून राहतात. ही तुमची माया. कडं थोडं वाढलं तर आधी ती वापरली जाते, थेंब गळत नाही. माया संपली की मात्र गळायला सुरुवात. म्हणूनच सारख्याच फुगलेल्या दोन हृदयांत एक गळतं, एक गळत नाही.

झणझणीत | रात्री ११.४०

आमच्याकडे अंगच इतकं भरलं की माया कधीच संपली. आता नवीन कापड.

अटलांटिकपार | मंगळवार, सकाळी ६.०५

कापडावरूनच पुढे. मूळ प्रश्नात 'पाकळ्याही वाढतात का' असं होतं, ते राहून गेलं. वाढतात! पूर्वी समज असा की पाकळी म्हणजे निर्जीव पडदा. पण इकडे बोस्टनच्या गटाने मेंढ्यांमध्ये झडपेचे खुंट ओढून ताण दिला आणि दोनेक महिन्यांनी मोजलं तर पाकळ्या रुंद आणि जाड झालेल्या. माणसांतही खालचा कप्पा फुगलेल्यांच्या पाकळ्या निरोगी लोकांपेक्षा सरासरी ३५ टक्क्यांनी मोठ्या सापडल्या, हा निष्कर्ष २००८ चा. गंमत पुढे आहे. ज्यांच्या पाकळ्या कप्प्याच्या मानाने पुरेशा वाढल्या नव्हत्या, त्यांनाच जास्त गळती होती.

म्हणजे 'मोठी झडप' ही प्रत्येक वेळी वाईट बातमी नाही. कडं मोठं होणं हा बिघाड, पाकळी मोठी होणं ही शरीराची डागडुजी. फक्त डागडुजीत पाकळी जाड आणि ताठही होते, मग ती पूर्वीसारखी लवत नाही.

उसाचीमोळी | सकाळी ८.३०

इथे सगळे मोठी झडप आणि मोठा कप्पा जोडीने धरताहेत. आमच्या मावशीचं ऐका. तिची झडप बारीक आणि कप्पा मात्र एवढा मोठा.

मावशी बार्शीकडची. नऊ-दहा वर्षांची असताना घसा धरला, पाठोपाठ सांधे सुजले, आज गुडघा तर उद्या मनगट. घरच्यांनी शेकलं, बरं वाटलं, विसरून गेले. त्यानंतर दुसऱ्या बाळंतपणात, सातव्या महिन्यात, रात्री आडवं पडवेना. उशा लावून बसून झोपायची. आणि आवाज बसला. घसा म्हणून गुळण्या, हळद-दूध, सगळं झालं. एका डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि म्हणाले, घसा नाही, हृदय आहे. वरचा डावा कप्पा इतका वाढला होता की स्वरयंत्राकडे जाणारी नस दाबली जात होती!

झडपेचं तोंड ०.९ चौरस सेंटिमीटर. फुगा घालून झडप उघडली. आईला अजून आठवतं, त्या डॉक्टरांनी आधी मावशीची उंची मोजली. आई म्हणाली, हृदयाचं काम आहे, उंची कशाला? तर म्हणे फुग्याचं माप त्यावर ठरतं.

ठोकेमोज | सकाळी ९.१२

उसाचीमोळी, मावशीची गोष्ट धाग्यावर आली हे फार बरं झालं. निरोगी झडप पूर्ण उघडली की वाट ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते. दीडच्या खाली आली की आजार तीव्र, एकच्या खाली अतितीव्र. तोंड आवळलं की रक्त वरच्या कप्प्यात तुंबतं, म्हणून तो फुगतो. खालच्या कप्प्याला उलट कमीच रक्त पोचतं, तो वाढत नाही. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, तोवर दबून राहिलेला झडपेचा आजार तेव्हा उघडकीला येतो. आपल्याकडे कित्येक बायकांना आजार तेव्हाच कळतो.

आवाज बसण्याचं वर्णन ऑर्टनर यांनी १८९७ मध्ये केलं, त्यांचंच नाव आहे त्याला.

आणि उंचीचं खरं आहे. जपानच्या कांजी इनोउए यांचा फुगा १९८४ पासून माहीत झाला, त्याचा ढोबळ हिशेब म्हणजे सेंटिमीटरमधली उंची भागिले १०, अधिक १०. १५० सेंटिमीटर उंचीला २५ मिलिमीटर. झडपेचं मूळ माप देहाच्या बांध्यावर असतं, फुगलेल्या कप्प्यावर नाही. कप्पा दुप्पट झाला म्हणून मोठा फुगा घातला तर झडप फाटेल.

लहानपणीचं ते घसा-सांध्यांचं दुखणं म्हणजे रुमॅटिक ताप, त्यानेच झडप आवळली. तो उलटू नये म्हणून असते ती मावशींची २१ दिवसांची पेनिसिलिनची सुई चालू आहे ना?

उसाचीमोळी | सकाळी ९.२०

आता वयामुळे बंद केली डॉक्टरांनी. पण चाळिशीपर्यंत एक चुकवली नाही. कॅलेंडरवर दुधाच्या खुणांशेजारी सुईच्या खुणा असायच्या. आता रक्त पातळ करायची अ‍ॅसिट्रॉम आणि दर महिन्याला रक्त तपासणी, एवढंच.

मांडवीपार | सकाळी १०.४५

अवांतर: मिट्रल नाव कुठून आलं माहीत आहे का? बिशप घालतात ती दोन शेंड्यांची टोपी, तिला माइटर म्हणतात. १६ व्या शतकात व्हेसालियस यांना ही झडप तशी दिसली. आम्ही जुन्या गोव्यात ३ डिसेंबरच्या फेस्ताला लहानपणापासून ती टोपी बघत आलो, कधी वाटलं नव्हतं की छातीत एक उलटी ठेवलेली आहे.

पाटीपेन्सिल | सकाळी ११.०२

अवांतरात अवांतर: हे 'वरचा कप्पा-खालचा कप्पा' काय लावलंय? आमच्या वेळी कर्णिका आणि जवनिका होत्या. माझी मुलगी अलिंद आणि निलय म्हणते. एका घरात एकाच हृदयाला दोन नावं, कशी परीक्षा घ्यायची?

झणझणीत | सकाळी ११.०५

वन बीएचके म्हणा, प्रश्न मिटला.

ठोकेमोज | सकाळी ११.२०

चार खोल्या आहेत हो. मी यापुढे वरच्या कप्प्याला कर्णिका आणि खालच्याला जवनिका म्हणतो, पाटीपेन्सिल यांच्या आग्रहास्तव.

शेपूटवाला | दुपारी १.३०

माणसांच्या धाग्यात कुत्रं आणतो, माफी असावी. मी पशुवैद्य आहे. लहान जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत, आपल्याकडे पॉमेरेनियन घ्या, झडप गळण्याचा हाच आजार सगळ्यात जास्त दिसतो आणि तिथे कोंबडी-अंड्याचा प्रश्नच नाही. पाकळ्या जाड, गाठाळ होतात, म्हणजे झडप पहिली, कप्पा नंतर.

आम्ही नुसत्या गळतीवर गोळी सुरू करत नाही, कप्पा किती वाढला ते बघतो. कुत्रा उंदराएवढाही असतो आणि वासराएवढाही, मिलिमीटर घेऊन काय करणार? म्हणून डाव्या कर्णिकेची तुलना शेजारच्या महाधमनीशी करतो. १.६ पट किंवा जास्त झाली आणि जवनिकाही वजनाच्या मानाने वाढली की, लक्षणं नसली तरी, पिमोबेंडान सुरू. २०१६ च्या मोठ्या अभ्यासात अशा कुत्र्यांना हृदय निकामी होण्याआधीचे सरासरी १५ महिने जास्त मिळाले.

पलीकडचीगल्ली | दुपारी २.१०

हे सगळं ठीक, पण शेवटी झडप बदला म्हणूनच सांगतात. आमच्या सासऱ्यांना एका ठिकाणी पहिल्या भेटीतच खर्चाचा अंदाज लिहून दिला, तोही दुसऱ्याच पेशंटच्या नावाचा. दुसरीकडे दाखवलं तर म्हणे गोळ्यांवर भागेल. तीन वर्षं झाली, रोज सकाळी फिरायला जातात. आम्ही अर्जुनाची सालही उकळून देतो.

ठोकेमोज | दुपारी २.४०

सासऱ्यांचं बरं चाललंय ते गोळ्यांमुळे, हे मी रागावून नाही, आपुलकीने सांगतो. सालीचं त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घाला, लपवू नका. उकळलेल्या सालीने ओघळलेली दोरी बांधली जात नाही.

दुसरं मत घेतलंत ते उत्तम केलंत. गळती झडपेच्या दोषाची असेल तर वेळेवर दुरुस्ती हाच उपाय, थांबून जवनिका फुगू देणं महागात पडतं. पण गळती फुगलेल्या जवनिकेमुळे असेल तर आधी जवनिकेला औषध. ती आकसली तर खुंट आत येतात आणि गळती आपोआप कमी होते.

अटलांटिकपार | संध्याकाळी ६.५०

डॉक्टरांच्या म्हणण्याला जोड. २०१८ मध्ये, छाती न उघडता पाकळ्यांना चिमटा लावायच्या उपचाराचे दोन अभ्यास पाठोपाठ आले. एक फ्रान्सचा, एक अमेरिका-कॅनडाचा. फ्रान्समध्ये फायदा शून्य. इकडे दोन वर्षांत चिमटावाल्यांत मृत्यू २९ टक्के, नुसत्या औषधवाल्यांत ४६ टक्के. चिमटा तोच!

नंतर आकडे शेजारी ठेवले तेव्हा दिसलं की फ्रान्सच्या पेशंटांच्या जवनिका फार फुगलेल्या होत्या, अंगाच्या मापात सरासरी १३५ मिलिलिटर, आणि गळतीचं छिद्र त्या मानाने लहान. इकडच्यांच्या जवनिका १०१, पण छिद्र मोठं. म्हणजे कप्प्याच्या मानाने गळती जास्त असेल तर झडप मिटवून उपयोग, गळती कप्प्याच्या प्रमाणातच असेल तर झडप बिचारी नुसती साक्षीदार. यावर अजून वाद आहेत, पण मला हे पटतं. कृष्णाकाठ यांचा प्रश्न हाच आहे की.

जेलीलावते | रात्री ८.१५

मी इको टेक्निशियन, त्यामुळे त्या ३९ बद्दल बोलते, कारण तो आकडा आमच्याच हातून उमटतो. पेशंट डाव्या कुशीवर, थंडगार जेली लावली की हमखास अंग चोरतात. फासळ्यांमधून खिडकी मिळाली की चित्र थांबवायचं आणि कड्याच्या एका टोकावर एक ठिपका, दुसऱ्यावर दुसरा. माझा अंगठा केसभर हलला की दोन मिलिमीटर इकडचे तिकडे. शिवाय कडं गोल नाही, घोड्याच्या खोगिरासारखं वाकलेलं आहे. एका बाजूने मोजलं तर ३९, दुसऱ्या बाजूने ३४, दोन्ही खरे. प्रत्येक ठोक्यात ते थोडं आवळतं, सुटतं. तेव्हा सहा महिन्यांनी दुसरीकडे ३५ आलं तर पेढे वाटू नका आणि ४१ आलं तर रडू नका. शक्यतो एकाच ठिकाणी करा.

पुढचा भाग धमनीच्या चिवट मुळाला टेकलेला असतो, तो फारसा सरकत नाही. मागचाच अर्धा पसरतो.

सायकलसांगली | रात्री ८.५०

मी लांब पल्ल्याचा सायकलवाला. माझी जवनिका इकोत ५७ मिलिमीटर आली होती, झडप ठणठणीत. घाबरून आठवडाभर सायकल टांगून ठेवली होती.

कसबापेठ | रात्री ९.०५

बाळबोध प्रश्न: झडप बदलायची वेळ आली तर मोठ्या कप्प्याला मोठी झडप बसवतात का?

ठोकेमोज | रात्री ९.३०

नाही. सर्जन मापकं घालून कडं बघतात. कृत्रिम मिट्रल झडपा विषम आकड्यांत येतात, २५, २७, २९, ३१ अशा मिलिमीटरच्या. आपली स्वदेशी चित्रा झडपही त्यातलीच, तिरुअनंतपुरमला १९९० मध्ये पहिल्यांदा बसवली. अंगाच्या मानाने फार लहान बसली तर पुन्हा आवळल्यासारखंच होतं. पाकळ्या चांगल्या असतील तर झडप ठेवून नुसती रिंग टाकतात, आणि कडं फाकलेलं असेल तर मुद्दाम मापापेक्षा लहान टाकतात, म्हणजे पाकळ्या जवळ येतात. काजबटण, तुमच्या भाषेत टिपा मारून आत घेणं.

आता मला एक सांगा, कृष्णाकाठ. दोन दिवस आपण सगळे जवनिका धरून बोलतोय. तुम्ही नुसतं 'कप्पा' लिहिलंय. कुठला?

कृष्णाकाठ | रात्री १०.१०

क्षमा असावी, आज दिवसभर प्रवासात होतो. रिपोर्ट समोर घेऊन लिहितो. डावी कर्णिका ४९ मिलिमीटर, कर्णिकेचं आकारमान अंगाच्या मापात ५४. डावी जवनिका ४८. पंपिंग ५८ टक्के. पाकळ्यांसमोर 'नॉर्मल' लिहिलंय.

ठोकेमोज | रात्री १०.१८

जवनिका नॉर्मल. बायकांत ५२ पर्यंत चालते. पंपिंगही नॉर्मल. कर्णिका मात्र चांगलीच मोठी, ३८ पर्यंत पाहिजे आणि आकारमान ३४ पर्यंत. म्हणजे खुंट जागेवर, पाकळ्या धड, वरची खोलीच वाढली आणि कडं तिच्याबरोबर फाकलं. रिपोर्टाच्या वर कोपऱ्यात हृदयाची लय लिहिलेली असते. काय लिहिलंय?

कृष्णाकाठ | रात्री १०.२१

'अनियमित'. बारीक अक्षरात. आम्ही कोणी वाचलंच नव्हतं.

ठोकेमोज | रात्री १०.२६

शुक्रवारपर्यंत थांबू नका. उद्या सकाळी वाईतच ईसीजी काढा आणि तो फोनवर डॉक्टरांना दाखवा. कर्णिका नीट आकुंचन न पावता नुसती थरथरत असेल, तर ती वर्षानुवर्षं ताणत जाते आणि कडं ओढून नेते. पण आधी काळजी झडपेची नाही. थरथरणाऱ्या कर्णिकेत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत जाऊ शकते. आत्ता बोलणं अडखळणं, तोंड वाकडं, हात लुळा असं काही दिसलं तर ईसीजीही नको, थेट मोठं हॉस्पिटल.

काजबटण | रात्री १०.४०

कृष्णाकाठ, कळवा हो. झोप नाही यायची.

कृष्णाकाठ | शनिवार, सकाळी ७.३०

उशिराबद्दल माफी. बुधवारीच ईसीजी काढला, एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे कर्णिकेची तीच थरथर. डॉक्टरांनी त्याच दिवशी बोलावलं. रक्त पातळ करायची गोळी सुरू, ठोके आवरायची एक, बीपीची बदलली. झडपेला सध्या हात लावायचा नाही म्हणाले. लय परत आणता आली आणि टिकली तर कर्णिका आणि कडं थोडं आवरतं, गळतीही कमी होऊ शकते. तीन महिन्यांनी परत इको, त्याच ठिकाणी (जेलीलावते, आभार).

एक विचारायचं राहिलं. उसाचीमोळी यांच्या मावशींना अ‍ॅसिट्रॉम आणि दर महिन्याला रक्त तपासणी, आईला मात्र नवी गोळी आणि तपासणी नाही. असं का?

ठोकेमोज | सकाळी ८.०५

छान झालं. मावशींची झडप रुमॅटिक, आवळलेली. तशा पेशंटांत नवी गोळी आणि जुन्या कुळातली गोळी यांची तुलना झाली, २०२२ मध्ये निकाल आला, जुनीच सरस ठरली. तुमच्या आईची झडप आवळलेली नाही, तिला नवी चालते. आजार एकाच झडपेचे, पण हिशेब वेगळे. गोळी एकही दिवस चुकवू देऊ नका.

उसाचीमोळी | सकाळी ८.२०

मावशीला हे वाचून दाखवलं. म्हणाली, त्या बाईला सांग, मेथी बंद नाही करायची, रोज सारखीच खायची.

ठोकेमोज | सकाळी ८.२४

मावशी, ते पालेभाजीचं पथ्य तुमच्या गोळीला! त्यांच्या गोळीला मेथीचं काही नाही.

कृष्णाकाठ | सकाळी ८.४०

आईला मेथी आवडतच नाही. काल जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबली, मी विचारलं धाप लागली का, तर म्हणाली, नाही रे, सवय झाली आहे तिथे थांबायची.